मंदीनंतरचे काम आणि घटलेले वेतन : बेळगाव-निपाणी भागातील कामगारांसाठी एक अभ्यास

उद्योगधंद्यात मंदी आली म्हणजे प्रथम जादा कामाचे तास घटतात, नंतर पाळ्या घटतात आणि शेवटी माणसे घटतात. मंदी ओसरू लागली म्हणजे हाच क्रम उलट दिशेने सुरू होतो. माणसे परत बोलावली जातात, पाळ्या वाढतात, जादा काम मिळू लागते. परंतु वेतनाच्या बाबतीत हा क्रम आपोआप उलटतोच असे नाही. जे वेतन मंदीत खाली आले, ते मंदी गेल्यावरही खालीच राहते, असा अनुभव अनेक ठिकाणी आलेला आहे. घरी बसलेल्या कामगाराला निरोप येतो तो असा : ‘काम सुरू झाले आहे, यायचे तर या, पण पूर्वीचा पगार मिळणार नाही.’ अशा वेळी घरात धान्य संपत आलेले असते आणि दुकानदाराची उधारी वाढलेली असते. त्यामुळे विचार करण्यास उसंत नसते आणि होकार दिला जातो.

हा होकार देणे चूक आहे, असे प्रस्तुत लेखाचे म्हणणे नाही. काम नसण्यापेक्षा कमी वेतनाचे काम बरे, हे पुष्कळ वेळा खरे असते. तथापि तो होकार कोणत्या अटींवर दिला, किती काळासाठी दिला आणि त्यामुळे मागील सेवेच्या हक्कांवर काय परिणाम झाला, याची जाणीव कामगाराला असली पाहिजे. बेळगाव आणि निपाणी या सीमाभागातील उद्योगांची उदाहरणे समोर ठेवून या प्रश्नाची उकल करण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

पूर्वीचा अनुभव

वेतनकपात हा आजचा प्रश्न नव्हे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात, म्हणजेच नंतरच्या मुंबई राज्यात होता. त्या इलाख्याच्या राजधानीत १९२५ साली कापडगिरण्यांच्या मालकांनी मंदीचे कारण देऊन वेतनात साडेअकरा टक्के कपात जाहीर केली. कामगारांनी संप केला. त्या वर्षाच्या डिसेंबरात सरकारने गिरणीच्या कापडावरील अबकारी कर तहकूब केला आणि कपातही मागे घेण्यात आली. या घटनेतून एक गोष्ट स्पष्ट होते. उद्योगाची अडचण खरी असली, तरी तिचा भार कोणी उचलावयाचा हा प्रश्न स्वतंत्र असतो. त्या वेळी तो भार कराच्या रूपाने सरकारने उचलला.

जागतिक महामंदीच्या काळात मात्र वेगळे घडले. १९३३-३४ मध्ये निरनिराळ्या गिरण्यांनी आपापल्या मर्जीने निरनिराळ्या प्रमाणात वेतन कापले. एकाच कामाला एका गिरणीत एक दर आणि शेजारच्या गिरणीत दुसरा, अशी स्थिती झाली. १९३४ मध्ये सार्वत्रिक संप झाला. त्याच वर्षी मुंबई इलाख्यात औद्योगिक तंट्यांत समेट घडवून आणण्यासाठी कायदा करण्यात आला. कपातीला समान नियम नसला की अशांतता वाढते, हा त्या प्रसंगाचा धडा होय.

तिसरे उदाहरण अधिक जवळचे आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणीसंपात सुमारे अडीच लाख कामगार सामील झाले होते. तो संप रीतसर मागे घेतला गेला नाही. कामगार एकेकटे, जमेल तसे आणि व्यवस्थापनाने घातलेल्या अटींवर परत गेले. अनेकांना परत घेतलेच नाही. अनेकांनी भिवंडीसारख्या ठिकाणी यंत्रमागावर पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी मजुरीत काम पत्करले. संपाच्या कारणांविषयी मतभेद असू शकतील. परंतु समझोत्याविना एकेकट्याने परतणाऱ्या कामगाराची सौदाशक्ती किती क्षीण असते, याविषयी दुमत होऊ नये.

निपाणी : तंबाखू आणि विडी

पुणे-बंगळूर महामार्गावरील निपाणी हे गाव पूर्वी चिकोडी तालुक्यात होते. आता तो स्वतंत्र तालुका आहे. येथील काळ्या जमिनीत पिकणारी विडीची तंबाखू, ती साठविणाऱ्या व तयार करणाऱ्या वखारी आणि घरोघरी चालणारे विडीकाम यांवर गावाचा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. १९८० च्या सुमारास वखारींत काम करणाऱ्या स्त्रिया संघटित झाल्या. तंबाखूच्या धुळीत बसून कुटणे, चाळणे व निवडणे हे त्यांचे काम. त्यांच्या लढ्यावर युगांतर या चित्रपटसमूहाने १९८२ मध्ये माहितीपट काढला, आणि अनिल अवचट यांच्या लेखनामुळे या स्त्रियांचे जीवन मराठी वाचकांपर्यंत पोचले. १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये शरद जोशी आणि प्रा. सुभाष जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी महामार्गावर ठिय्या दिला. ६ एप्रिल १९८१ रोजी झालेल्या गोळीबारात शेतकऱ्यांचे बळी गेले. शेतकऱ्याच्या भावाचा आणि वखारीतील मजुरीचा प्रश्न एकाच बाजारावर अवलंबून असतो, हे निपाणीने त्या एका दशकात पाहिले.

निपाणीच्या उदाहरणातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली अशी की, येथे वेतनकपात क्वचितच ‘कपात’ या नावाने येते. विडीची मजुरी हजारी दराने ठरते. तो दर कागदावर तसाच राहतो. घटते ते काम. पाने कमी दिली जातात, तंबाखू कमी दिली जाते, आठवड्यातील कामाचे दिवस कमी होतात. उदाहरणादाखल पाहू. एक बाई पूर्वी आठवड्याचे सहा दिवस रोज एक हजार, म्हणजे सहा हजार विड्या वळत असे. काम पुन्हा सुरू झाल्यावर तिला चार दिवस, रोज सातशे विड्यांपुरताच माल मिळू लागला. आता आठवड्याला दोन हजार आठशे विड्या होतात. हजारी दर एका पैशानेही बदलला नाही. पण तिची कमाई निम्म्याहून अधिक, सुमारे त्रेपन्न टक्के घटली. त्यातच पाने अपुरी पडली तर ती पदरच्या पैशाने घ्यावी लागतात, आणि ‘छाट’ म्हणून नाकारलेल्या विड्यांची मजुरी बुडते. म्हणून ‘दर कमी केला का?’ एवढाच प्रश्न पुरेसा नाही. ‘आठवड्याच्या शेवटी हातात काय आले?’ हा प्रश्न विचारला पाहिजे.

दुसरी गोष्ट अधिक मूलभूत आहे. मंदी आणि उतरती कळा या दोन भिन्न गोष्टी आहेत. मंदीत मागणी काही काळ घटते व पुन्हा वाढते. उतरत्या कळेत ती परत येत नाही. विडीच्या बाबतीत धूम्रपानाच्या दुष्परिणामांविषयी वाढलेली जाणीव, २००३ चा तंबाखू-नियंत्रण कायदा, २ ऑक्टोबर २००८ पासूनची सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानावरील बंदी आणि पुड्यांवरील मोठी चित्रमय इशारापट्टी ही सारी कारणे टिकाऊ स्वरूपाची आहेत, आणि लोकांच्या आरोग्याच्या दृष्टीने ती स्वागतार्हच आहेत. अशा उद्योगात ‘थोडे दिवस कमी घ्या, मग पूर्ववत करू’ हे आश्वासन देणाराही पाळू शकणार नाही. तेथे कमी वेतन पत्करून वाट पाहण्यापेक्षा दुसऱ्या कामाचे शिक्षण घेण्यास जो वेळ मिळेल, तो अधिक मोलाचा होय.

बेळगाव : ओतकाम आणि यंत्रमाग

बेळगाव शहराचे औद्योगिक स्वरूप निपाणीहून वेगळे आहे. उद्यमबाग, मच्छे, होनगा या भागांत ओतीव लोखंडाचे सुटे भाग तयार करणारे कारखाने आहेत. मोटारगाड्या, पंप, झडपा आणि हायड्रॉलिक यंत्रे यांना लागणारे भाग येथून जातात. या व्यवसायाची नाडी पुणे, बंगळूर आणि परदेशातील ग्राहकांच्या हाती असते. २०१९-२० या वर्षी देशातील वाहनविक्री सुमारे अठरा टक्क्यांनी घटली, तेव्हा भट्ट्यांच्या पाळ्या कमी करण्याची वेळ ओतकामाच्या धंद्यावर आली. ती स्थिती सावरण्यापूर्वीच २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली. २०२०-२१ या आर्थिक वर्षाच्या पहिल्या तिमाहीत देशाचे उत्पन्न, पहिल्या अधिकृत अंदाजानुसार, सुमारे चोवीस टक्क्यांनी घसरले.

ओतकामातील कामगाराच्या उत्पन्नाचे दोन भाग असतात : मूळ वेतन व महागाई भत्ता हा एक, आणि जादा काम, पाळीभत्ता, उत्पादनबक्षीस हा दुसरा. मंदीत दुसरा भाग आपोआप नाहीसा होतो. त्याला वेतनकपात म्हणता येत नाही, तरीही घरखर्चावर त्याचा परिणाम तेवढाच होतो. मंदीनंतर काम सुरू होताना कायम कामगाराऐवजी कंत्राटदारामार्फत माणसे घेण्याचा कल दिसतो. तोच साचा, तीच भट्टी, तोच माणूस. परंतु हजेरीपुस्तक दुसऱ्याचे. येथे वेतनाबरोबर सेवेचे वर्षही कमी होते.

शहापूर, वडगाव, खासबाग या भागांतील यंत्रमागांची गोष्ट आणखी निराळी. येथे साडीमागे मजुरी मिळते. अनेक विणकर स्वतःच्या घरात एक-दोन माग चालवितात; सूत व्यापाऱ्याचे, माग स्वतःचा, वीजबिल स्वतःचे. व्यापाऱ्याने साडीमागची मजुरी कमी केली म्हणजे तो विणकर कामगार म्हणून दाद मागू शकत नाही, आणि मालक म्हणून भावही ठरवू शकत नाही. अशा विणकरांना वेतनाच्या कायद्यापेक्षा सहकारी संस्था आणि सामुदायिक दरठराव यांचाच आधार अधिक असतो.

ज्याच्या खाली जाता येत नाही अशी पातळी

मंदीचे कारण दाखवून वेतन कमी करता येते काय? या प्रश्नाचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली क्राउन ॲल्युमिनियम वर्क्स या प्रकरणात दिले. निकालपत्र न्यायमूर्ती प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांचे. साताऱ्यात जन्मलेले आणि धारवाडच्या कर्नाटक कॉलेजात काही काळ शिकलेले गजेंद्रगडकर पुढे भारताचे सरन्यायाधीश झाले आणि पहिल्या राष्ट्रीय श्रम आयोगाचे अध्यक्षही झाले. निकालाचे सार दोन भागांत सांगता येईल. एक, उद्योगाची आर्थिक स्थिती खरोखर खालावली असेल तर वेतनरचनेत कामगारांना प्रतिकूल असा फेरफार कधीच करता येणार नाही, असे म्हणता येत नाही. दोन, असा फेरफार किमान वेतनाच्या पातळीखाली मात्र कधीही नेता येणार नाही. निर्वाहापुरते किमान वेतनही जो उद्योग देऊ शकत नाही, त्याला चालू राहण्याचा हक्क नाही.

दुसऱ्या मुद्द्याला पुढे अधिक बळकटी मिळाली. राजस्थानात दुष्काळी कामावरील मजुरांना किमान वेतनापेक्षा कमी मजुरी देण्यात आली होती. १९८३ मध्ये संजित रॉय प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते अवैध ठरविले. संकटात सापडलेल्या माणसाच्या असहायतेचा लाभ घेऊन किमान वेतनाहून कमी मजुरीत त्याचे श्रम घेणे म्हणजे संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने मना केलेली वेठच होय, असे त्यामागील तत्त्व आहे. यास्तव ‘कामगाराने राजीखुशीने सही दिली आहे’ हा बचाव किमान वेतनाच्या बाबतीत टिकत नाही.

किमान वेतनाच्या वर मात्र कामगार आणि मालक यांच्यातील समझोत्याला वाव आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अंमलात आल्या असून किमान वेतन कायदा, औद्योगिक विवाद कायदा, विडी व सिगार कामगार कायदा इत्यादी जुन्या कायद्यांची जागा त्यांनी घेतली आहे. त्यांतील प्रस्तुत विषयाशी संबंधित तरतुदी थोडक्यात अशा :

१. वेतनात प्रतिकूल बदल करावयाचा असेल तर मालकाने एकवीस दिवसांची सूचना देणे आवश्यक आहे. समझोत्यानुसार झालेल्या बदलाला ही अट लागू नाही. म्हणूनच समझोत्यावर सही करण्यापूर्वी तो नीट वाचावा.

२. पन्नास वा अधिक कामगार असलेल्या, हंगामी नसलेल्या कारखान्यात एक वर्ष सलग सेवा झालेल्या कामगाराला तात्पुरत्या कामबंदीच्या काळात मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या निम्म्याइतकी भरपाई मिळते. हंगामी धंद्याला ही तरतूद लागू नसल्याने तंबाखूच्या हंगामी कामावरील स्त्रिया बहुधा तिच्या बाहेर राहतात.

३. कामगार कपात झाल्यावर एक वर्षाच्या आत मालकाने पुन्हा भरती केली, तर कमी केलेल्या कामगारांना प्रथम संधी द्यावी लागते.

४. वेतनचिठ्ठी व नेमणूकपत्र देणे मालकावर बंधनकारक आहे. थकलेल्या वेतनाचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो.

हिशेब : वरवर दिसतो त्याहून मोठा

कपातीचा खरा हिशेब तीन पायऱ्यांनी करावा. पहिली पायरी टक्क्यांची. शंभर रुपयांत वीस टक्के कपात झाली की ऐंशी रुपये उरतात. ऐंशीचे पुन्हा शंभर होण्यास वीस टक्के वाढ पुरत नाही. पंचवीस टक्के लागते. ‘जेवढे कापले तेवढे टक्के परत दिले’ असे सांगितले गेले तर कामगाराच्या हाती शंभर नव्हे, शहाण्णव रुपये येतात.

दुसरी पायरी महागाईची. या काळात वस्तूंचे भाव दहा टक्क्यांनी वाढले असे धरू. पूर्वी शंभर रुपयांत येणारा बाजार आता एकशे दहा रुपयांत येतो. हाती ऐंशी रुपये असतील तर पूर्वीच्या बाजाराच्या सुमारे त्र्याहत्तर टक्केच माल घरी येतो. जुने जीवनमान परत मिळविण्यास ऐंशीवर साडेसदतीस टक्के वाढ हवी.

तिसरी पायरी उपदानाची, म्हणजे ग्रॅच्युइटीची. आणि येथेच बहुतेकांची फसगत होते. उपदान हे सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षास पंधरा दिवसांचे वेतन या प्रमाणात, शेवटी मिळालेल्या वेतनाच्या दराने मोजले जाते. महिन्याचे दिवस सव्वीस धरतात. एका मोल्डरची वीस वर्षे सेवा झाली असून त्याचे मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून १८,२०० रुपये आहेत, असे समजू. दिवसाचे वेतन ७०० रुपये, पंधरा दिवसांचे १०,५०० रुपये आणि वीस वर्षांचे उपदान २,१०,००० रुपये होते. तोच कामगार मंदीनंतर १४,३०० रुपयांवर परत आला. आता दिवसाचे वेतन ५५०, पंधरा दिवसांचे ८,२५० आणि त्याच वीस वर्षांचे उपदान १,६५,००० रुपये. जी वीस वर्षे त्याने पूर्ण वेतनावर काढली, त्यांच्या मोबदल्यातून ४५,००० रुपये एका सहीने गेले.

अपंगत्व आल्यामुळे कामगाराला कमी वेतनावर काम करावे लागले, तर आधीच्या सेवेचा हिशेब आधीच्या वेतनाने आणि नंतरच्या सेवेचा नंतरच्या वेतनाने करावा, अशी स्पष्ट तरतूद कायद्यात आहे. मंदीमुळे कमी झालेल्या वेतनासाठी अशी तरतूद नाही. म्हणून ती समझोत्यात लिहून घ्यावी लागते. उक्त्या दराने काम करणाऱ्याचा दैनिक दर शेवटच्या तीन महिन्यांच्या सरासरी कमाईवरून ठरतो. त्यामुळे काम कमी मिळणाऱ्या दिवसांत नोकरी सोडणाऱ्या विडी कामगाराचे उपदानही घटते. भविष्यनिर्वाह निधीच्या योजनेतील निवृत्तिवेतन अखेरच्या साठ महिन्यांच्या सरासरी वेतनावर अवलंबून असते. पंचावन्नच्या आसपास पोचलेल्या कामगाराने ही बाब विशेष ध्यानात घ्यावी.

समझोत्यात काय असावे

टाळेबंदीच्या काळातील वेतनासंबंधी १२ जून २०२० च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने मालक व कामगार यांनी आपसात वाटाघाटी कराव्यात असा मार्ग सुचविला होता. वाटाघाटी करावयाच्या तर कामगारांच्या बाजूने कोणत्या मागण्या असाव्यात, हे आधी ठरले पाहिजे. पुढील सहा बाबी कोणत्याही कारखान्यात उपयोगी पडतील.

पहिली, मुदत. कपात कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, हे लिहिलेले असावे. ‘परिस्थिती सुधारेपर्यंत’ या शब्दांना अर्थ नसतो; परिस्थिती सुधारली हे ठरविणारा दुसराच असतो. दुसरी, मापदंड. उत्पादन, मागणी किंवा पाळ्यांची संख्या ठराविक पातळीला पोचताच जुने वेतन आपोआप लागू व्हावे. तिसरी, सेवासातत्य. बंद काळ सेवेत धरला जाईल आणि नवे नेमणूकपत्र देऊन सेवा खंडित केली जाणार नाही, असे कलम असावे. सेवा संपवावयाचीच असेल तर जुन्या वेतनाने पूर्ण देणे चुकते केल्यावरच नवी नेमणूक स्वीकारावी. चौथी, उपदान. मागील सेवेचे उपदान कपातीपूर्वीच्या वेतनाने मोजले जाईल, हे एक वाक्य पुरे. पाचवी, समानता. कपात केवळ हातकाम करणाऱ्यांची नसावी. पर्यवेक्षक आणि व्यवस्थापक यांचाही तीत वाटा असावा. सहावी, नोंद. हजेरीचे दिवस, मिळालेला माल, नाकारलेला माल आणि हाती आलेली रक्कम कामगाराने स्वतःच्या वहीत तारीखवार लिहावी. तंटा झाल्यास ही साधी वही मोठा पुरावा ठरते.

या सहांपैकी एखादी मागणी मान्य झाली नाही म्हणून काम नाकारावेच असे नाही. घरची स्थिती प्रत्येकाची वेगळी असते. परंतु मागणी केली आणि ती नाकारली गेली, याची लेखी नोंद राहिली तरी पुढील वाटाघाटीस ती उपयोगी पडते.

सीमेवरील कामगाराची विशेष स्थिती

या भागात आणखी एक प्रश्न आहे, जो राज्याच्या अंतर्भागात सहसा उद्‌भवत नाही. निपाणीचा कामगार कागलच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जातो. बेळगावच्या आसपासचे लोक चंदगड तालुक्यातील शिनोळीस जातात. राहणे कर्नाटकात आणि काम महाराष्ट्रात, असे हे जीवन आहे. २०२० मध्ये सीमेवर तपासणी नाकी बसली, तेव्हा काम सुरू होऊनही कामावर पोचता येत नाही, अशी अडचण सीमा ओलांडून जाणाऱ्यांपुढे उभी राहिली.

अशा कामगाराने एक नियम लक्षात ठेवावा : किमान वेतन राहण्याच्या ठिकाणाचे नव्हे, तर कामाच्या ठिकाणाचे लागू होते. दोन्ही राज्यांची किमान वेतने वेगळी असतात. महाराष्ट्रात महागाईशी निगडित विशेष भत्ता वर्षातून दोनदा, जानेवारी व जुलैपासून बदलत आला आहे. कर्नाटकात परिवर्तनीय महागाई भत्ता वर्षातून एकदा, एप्रिलपासून बदलत आला आहे. म्हणून शेजाऱ्याच्या वेतनाशी आपले वेतन ताडून पाहताना तो कोणत्या राज्यात काम करतो, हे आधी पाहावे. तक्रारही कामाच्या ठिकाणच्या कामगार कार्यालयाकडेच करावी लागते. कागलला काम करणाऱ्याने कोल्हापूरकडे पाहावे, उद्यमबागेत काम करणाऱ्याने बेळगावच्या कार्यालयाकडे. करारपत्र आपणास न वाचता येणाऱ्या भाषेत असेल, तर ते जाणकाराकडून वाचून घेतल्याखेरीज त्यावर सही वा अंगठा करू नये.

समारोप

कमी वेतनावर कामावर परतणे हा पराभव नव्हे. घर चालविण्यासाठी घेतलेला तो व्यवहारी निर्णय असतो, आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. परंतु व्यवहार म्हटला की त्याला मुदत असते, हिशेब असतो आणि कागद असतो. मंदीत मालकाने कामगाराकडून काही उसने घेतले असेल, तर सुगीत ते परत मिळाले पाहिजे. आणि उसनवारीची नोंद ज्याने दिले त्यानेच ठेवावयाची असते. निपाणीच्या वखारीतील स्त्रियांनी १९८० च्या सुमारास जे मिळविले ते एकत्र बसून, एकत्र बोलून मिळविले. मुंबईच्या गिरणीत एकेकटे परतलेल्यांना ते साधले नाही. या दोन अनुभवांमधील अंतर प्रत्येक कामगाराने ध्यानी घ्यावे.

अभ्यासवर्गात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या धंद्यावर आलेले संकट मंदीचे आहे की उतरत्या कळेचे? कोणत्या खुणांवरून ते ओळखता येईल?

२. आपल्या वेतनात पंधरा टक्के कपात झाली, तर पूर्ववत होण्यासाठी किती टक्के वाढ लागेल? आपल्या सेवेच्या वर्षांवरून उपदानातील घट काढा.

३. दर न बदलता कमाई कमी होण्याचे कोणकोणते प्रकार आपल्या धंद्यात आढळतात?

४. आपल्या कामाच्या ठिकाणी लागू असलेले किमान वेतन किती, आणि ते शेवटचे कधी बदलले? संबंधित कामगार कार्यालयातून माहिती मिळवून पुढील वर्गात सांगा.